शून्य बटणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

…आणि हे फ्रिजसमोर उभे! अंगात बनियन, गळ्यात टाय, हातात माझी शिवणाची पट्टी. फ्रिजच्या दाराला पाइपलाइनचा नकाशा चुंबकाने लावलेला. शर्ट माझ्याकडे, इस्त्रीखाली. "सन्माननीय सदस्यहो," म्हणाले — आणि कुकरची शिट्टी झाली. "घ्या, अनुमोदन आलं," मी म्हटलं. हसले नाहीत. घाबरलेले असले की हसायचे नाहीत.

आज चादरी झटकताना ती सकाळ एकदम समोर आली. विशेष काही नव्हतं तिच्यात. चादरी बदलल्या, मशीन लावलं, डबा भरला, कॉलरचं सैल बटण पक्कं केलं. एक कान ह्यांच्याकडे. अशा सकाळी सव्वीस वर्षांत कितीतरी झाल्या. पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर — अख्खा पंप खोलून परत बसवणं ह्यांच्या डाव्या हातचा मळ. पण चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की तीनदा टाय सोडून बांधायचे! आणि महिन्या-दोन महिन्यांनी उभं राहावंच लागायचं. मग आधीच्या दोन-तीन सकाळी तालीम. वीस मिनिटं. श्रोते एक — मी. सातवी पास.

चौदा महिने झाले. अजून सकाळी सात वाजले की कान फ्रिजकडे जातो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुटपुटी आली होती.

हे नाव ह्यांनी ठेवलेलं, तिच्या माघारी. ह्यांच्या हाताखालची इंजिनिअर. तीस-बत्तिशीची. "आकड्यांत माझ्या पुढे जाईल," हे म्हणायचे, "पण बोलायला उभी केली की स्वतःच्या खिशाशी बोलते." ह्या बाबतीत गुरूला साजेशी शिष्या!

खुर्चीच्या टोकावर बसली. पाणी पिऊन झालं, पेला हातातच.

"काकू, सव्वीस तारखेला समितीची सभा आहे. सरांची टाकी पुन्हा मांडायचीय."

"कोण मांडणार?"

"मी."

"दुसरं कोणी नाही?"

"मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा सगळे एक पाऊल मागे सरकले. मला सरकायचं सुचलं नाही."

मला हसू आलं. तिलाही आलं, मग डोळ्यांत पाणी आलं.

सरांची टाकी! ह्यांच्या शेवटच्या दोन वर्षांचा ध्यास. पंपघरापासून टेकडीवरच्या टाकीपर्यंत मोठा पाइप जातो, एकतीस वर्षांचा जुना. वीज गेली की पंप थांबतात आणि पाइपातलं चढणीवरचं पाणी उलटं फिरतं, खालच्या पाण्यावर येऊन आदळतं. प्रत्येक वेळी पाइपाला दणका. तो दणका झेलायला पंपघराजवळ एक बंद टाकी बसवायची — निम्मं पाणी, निम्मी हवा. एवढंच. दीड वर्षापूर्वी हे पालिकेच्या समितीपुढे उभे राहिले. फाइल परत आली. तीन महिन्यांनी हे गेले. पाइप तसाच आहे.

"सर म्हणायचे, माझा मास्तर घरी आहे," पुटपुटी म्हणाली. "मला शिकवाल?"

"मी कसली मास्तर! मी नुसती बटणं टाकायची."

"तीच टाका."

रविवारी ये म्हटलं. ती गेल्यावर पेला तिच्या हाताने कोमट झालेला होता. उगाच तो थोडा वेळ धरून बसले. ह्यांच्या ऑफिसचं माणूस घरात आलं की वाटतं, मागोमाग हेही येतील, चपला सरळ लावून.

८ फेब्रुवारी, रविवार

तालमीचा डबा काढला. झाकण इतकं घट्ट बसलेलं की चमच्याने उचकटावं लागलं. शिवणाची बटणं मी वेगळी ठेवते. ही फक्त तालमीची — तुटक्या जोड्यांतली, दोन भोकांची, चार भोकांची, एक लाल ओव्हरकोटाचं.

पुटपुटीला नियम सांगितला. अगदी पहिल्या तालमीला मी मध्येच विचारलं होतं, "अहो, हेड म्हणजे कुणाचं डोकं?" तर हे चिडले. "मध्ये बोललीस की माझं सगळं सांडतं!" मग मी बोलायचं सोडलं. न कळलेला शब्द आला की डब्यातलं एक बटण बशीत टाकायचं. टिण्! हे ऐकायचे, थांबायचे नाहीत, पण पुढच्या सकाळी तो शब्द गेलेला असायचा, नाहीतर त्याचा अर्थ सोबत यायचा. पहिल्या दिवशी चौतीस बटणं पडली होती. बशी पुरली नाही, ताट घ्यावं लागलं! मग आमच्यात ते मापच होऊन बसलं. कोणाचं लग्नातलं भाषण ऐकून आलो की हे कानात विचारायचे, "किती बटणं?"

पुटपुटीने लॅपटॉप फ्रिजवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून वाचायला लागली. पडद्यावर जे लिहिलंय तेच.

"अगं, मला वाचता येतं," मी म्हटलं. "तुझी वेणी छान आहे, पण तिच्याशी मी काय बोलू?"

वळली. वळल्यावर हातांचं काय करायचं कळेना तिला. पट्टी दिली हातात, ह्यांचीच. मग ह्यांच्या दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आम्हाला फार ठेचा खाऊन कळल्या. एक, मागणं आधी, कारण मागून. समोरचा मनात विचारत असतो, "ह्याला हवंय काय?" ते कळेपर्यंत तो काही ऐकत नाही. दुसरी, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढं थांबायचं. महत्त्वाच्या वाक्यानंतर. हे भरभर बोलत सुटायचे, तेव्हा मी सुई वर धरायची. दोरा आत गेला की पुढचं वाक्य. नाही गेला तर नाही!

ती बोलली. आवाज लहान, पण बोलली. वीस मिनिटं. ऐकताना मी फ्रिजवरच्या त्या डागाकडे बघत होते, जिथे ह्यांचा चुंबक असायचा.

शेवटी तिने बशीत डोकावलं. "काकू! शून्य?"

"शून्य."

तिचा चेहरा असा उजळला! मलाही अभिमान वाटला. खोटं का लिहू?

९ फेब्रुवारी, सोमवार

तिला ह्यांची ऑफिसची वही दिली. आकडे सगळे त्यात आहेत. मी ती कधी उघडली नाही. हिशोबांची भीती नाही मला. ह्यांच्या अक्षराकडे बघवत नाही. ते झुकलेलं अक्षर, घाईने कुठेतरी निघाल्यासारखं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुटपुटीने आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बोलून बघितलं. आवक-जावकचा कारकून, ड्रायव्हर आणि खोली पुसणाऱ्या बाई. तिघांना बसवलं, केलं सगळं सांगितल्यासारखं. मागणं आधी. थांबली जागच्या जागी. शेवटी विचारलं, "काय कळलं?"

कारकून म्हणाला, "पंप नवे घ्यायचेत." बाई म्हणाल्या, "पाणी बंद राहणार आहे का?" ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आवाज छान होता."

फोनवर सांगताना हसत होती, मग हसेना. "काकू, तुम्हाला तर सगळं कळलं होतं. एकही बटण नव्हतं."

मी फोन ठेवला.

मला कळलं होतं! कळणारच. सव्वीस वर्षं फ्रिजसमोर बसून ऐकतेय. 'हेड', 'सर्ज', 'ट्रान्झिएंट', 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह' — हे शब्द आता मला 'मीठ', 'साखर' तसे आहेत. ह्यांची पुस्तकंसुद्धा वाचली, दुपारी, डिक्शनरी मांडीवर घेऊन. पहिल्या वर्षी चौतीस. मग वीस. मग पाच-सात. आणि शेवटच्या वर्षी, दर वेळी, शून्य. आम्ही दोघं खूश! "बघ, किती सोपं बोलायला लागलो मी," हे म्हणायचे. मी म्हणायची, "मग? मास्तर कोण?"

हे सोपं बोलायला लागलेच नव्हते. मी शिकले होते.

त्या सप्टेंबरात हे समितीपुढे गेले, माझं शून्य घेऊन. चाळीस मिनिटं बोलले. शेवटी कोणीतरी विचारलं, "म्हणजे पंप नवे हवेत ना?" घरी आले, चपला सरळ लावल्या, म्हणाले, "ऐकलं त्यांनी. कळलं नाही."

मी काय म्हटलं? "मेले सगळे मूर्ख आहेत!"

१४ फेब्रुवारी, शनिवार

मूर्ख ते नव्हते.

१५ फेब्रुवारी, रविवार

वन्संना बोलावलं, सभेपर्यंत राहायलाच.

ह्यांची थोरली बहीण. एकाहत्तर वर्षांच्या. पाण्याच्या बाबतीत त्यांना एवढंच ठाऊक, की नळ सोडला की येतं. आणि न कळणं लपवायची त्यांना सवय नाही. दुसऱ्याला लाज वाटेल अशा आवाजात विचारतात. हवं होतं तेच.

वन्सं पाय वर घेऊन बसल्या, डबा मांडीवर. "म्हणजे मला नाही कळलं की हे टाकायचं? बास?"

"बास."

"आणि कळलं तर?"

"काही नाही."

"मग सोप्पंय! मला कुठे काय कळतंय!"

पुटपुटी म्हणाली, "रायझिंग मेनवरचं ट्रान्झिएंट प्रेशर कमी करण्यासाठी सर्ज व्हेसल —"

टिण् टिण् टिण् टिण्!

"वन्सं, एका शब्दाला एक."

"अगं, ती श्वास घेईना, मी तरी कशाला घेऊ?"

सहाव्या मिनिटाला डबा रिकामा झाला. वन्सं म्हणाल्या, "आता काय, ब्लाउजची काढू?" पुटपुटी हसताना खाली बसली जमिनीवर. मीही हसले. ह्या घरात एवढ्या मोठ्याने हसण्याचा आवाज! दचकलेच. अपराध्यासारखं वाटलं, आणि लगेच वाटलं, ऐकत असतील तर बरंच आहे.

मोजली. एकसष्ट.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पुटपुटी आता सकाळी ऑफिसच्या आधी येते. सात वाजता! दार वाजलं की माझा जीव क्षणभर भलतीकडे जातो. मग दार उघडते.

आज चव्वेचाळीस. वन्सं निर्दय आहेत. "मुली, तू हुशार आहेस हे मला पटलंय. आता मला सांग."

मध्येच त्यांनी डबा बाजूला ठेवला. "थांब थांब. पाणी आदळतं म्हणतेस. म्हणजे आमच्याकडे व्हायचं तसं का? हा लहानपणी मोरीतला नळ धाडकन बंद करायचा. आणि भिंतीतून आवाज यायचा, दण्! आई ओरडायची, नळ मोडशील म्हणून. हा म्हणायचा, आई, भिंतीत कोणीतरी राहतं. मग कान लावून बसायचा भिंतीला. नळ बंद करायचा, पळत जायचा, कान लावायचा. शाळेत जायचा नाही!"

पुटपुटी उभीच राहिली पट्टी घेऊन. "आजी… तेच. अगदी तेच आहे. पाणी पळत असतं, एकदम वाट अडली की आदळतं. फक्त हा नळ माणूस आत उभा राहील एवढा मोठा आहे."

"मग तसं सांग की! आणि ती टाकी कशाला?"

"त्यात हवा असते. पाणी हवेवर आदळतं. हवा दबते, परत फुगते."

"उशी," वन्सं म्हणाल्या. "डोकं भिंतीवर आपटण्याऐवजी उशीवर. एवढंच होय! माझ्या भावाने इतकी वर्षं ह्यासाठी डोकं पिकवलं?"

पुटपुटीने लॅपटॉप मिटला. "हे चाळीस पडदे मला नकोत," म्हणाली. पुटपुटली नाही. म्हणाली!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

तीन दिवस एकच गोष्ट मनात घोळतेय. भिंतीला कान लावून बसलेला मुलगा. तेहेतीस वर्षांचा संसार — आणि मला हे माहीत नव्हतं! कधी बोलले नाहीत. कदाचित विसरले असतील. कदाचित मी विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी सगळं विचारलं: डबा संपवला का, गोळी घेतली का, सर्ज म्हणजे काय. हेच नाही विचारलं की, अहो, तुम्ही ह्या पाण्याच्या नादी लागलात कसे?

आज मोरीत गेले. नळ पूर्ण सोडला आणि एकदम बंद केला. भिंतीला कान लावला.

आमच्या भिंतीत काही राहत नाही. पाइप प्लास्टिकचे आहेत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन बटणं. त्यातलं एक वन्संनी 'सन्माननीय' ह्या शब्दाला टाकलं. "रोज ऐकते, पण कोण हे कळलं नाही." राहू दिलं.

पुटपुटीचा आवाज अजून लहान आहे. राहू दे. लहान आवाजाकडे माणसं वाकून ऐकतात, वाक्य पूर्ण आलं तर. ती आता वाक्य पूर्ण करते. फक्त कोणी उलट प्रश्न विचारला की बिचारी गोठते, ओठ हलतात, आवाज नाही. वन्संनी आज अकरा प्रश्न विचारले. सातांना गोठली.

"काकू, तुम्ही सभेला याल? लोकांना मागे बसता येतं."

मी त्या सभागृहात कधी गेले नाही. हे म्हणायचे, "तू समोर असलीस तर मी तुझ्याशीच बोलत बसेन." येते म्हटलं.

"काहीतरी शिवायला आणा," ती म्हणाली. "सवय झालीय."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सभा झाली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझंच मला खोटं वाटेल.

लांब खोली, लाकडी बाकं, वरती पंखा कुरकुरतोय. समोर नऊ सदस्य. एक जण बाटलीच्या बुचाशी खेळतोय. उभं राहायची जागा म्हणजे एक लाकडी चौथरा, त्याच्या कडेला रंग उडालेला. हात ठेवून ठेवून. ह्यांचाही हात तिथेच असणार. मी तिसऱ्या रांगेत, पिशवीत ह्यांचा निळा शर्ट, त्याचं खालून दुसरं बटण कधीचं गेलेलं. शेजारी वन्सं. त्यांना बजावून आणलं होतं, इथे टिण् करायचं नाही.

पुटपुटी उभी राहिली. पट्टी हातात!

"मला एक टाकी हवी आहे," ती म्हणाली. थांबली. मी मनात दोरा ओवला. "पंपघराजवळ. का हवी, ते आठ मिनिटांत सांगते. तुमच्यापैकी कोणी लहानपणी नळ धाडकन बंद केलाय?"

बूच फिरवणारा थांबला. दोघं-तिघं हसले. एक म्हातारे सदस्य म्हणाले, "अन् मार खाल्लाय!"

मग ती बोलली. नळ, भिंत, दणका. टेकडीवरून परत येणारं पाणी. उशी. सात मिनिटांत संपवलं. पाठ एकदाही केली नाही. वन्संनी माझ्या मांडीला चिमटा काढला, म्हणजे कळलं.

आणि मग अध्यक्षांच्या डावीकडच्यांनी विचारलं, "समजा, नाही बसवली टाकी. इतकी वर्षं चाललंय. काय होईल?"

पुटपुटी गोठली.

ओठ हलायला लागले. मला इथून दिसत होतं, आकडे मोजतेय. आता 'ट्रान्झिएंट' म्हणणार. मोठे साहेब खुर्चीत पुढे सरकले, उत्तर आपणच द्यायला. मी पिशवीतून सुई काढली. डोळ्यांसमोर उंच धरली. दोरा ओलावला. पहिल्यांदा गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिने बघितलं. अख्खी खोली तिच्याकडे बघतेय आणि ती माझ्या सुईकडे!

तिसऱ्यांदा गेला.

"साहेब, पाइप फुटेल," ती म्हणाली. "कधी, ते मला सांगता येणार नाही. कुठे, ते येईल. शाळेच्या गल्लीतल्या वळणावर."

बूच फिरवणाऱ्याच्या हातून बूच निसटलं. 

मंजूर झाली. हात वर झाले, मी मोजले. आठ. नववे ते बूचवाले, त्यांचं बूच खाली पडलं होतं, ते शोधत होते. वर आले आणि त्यांनीही हात वर केला.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, एक क्षण. मग अध्यक्ष कागद गोळा करता करता म्हणाले, "इतकं साधं होतं! मग आधी कोणी सांगितलं का नाही आम्हाला?"

पुटपुटी चौथऱ्यावरून उतरली होती. परत चढली. "सांगितलं होतं, साहेब. दीड वर्षापूर्वी, इथेच उभं राहून. आमच्या सरांनी."

अध्यक्षांनी मान हलवली. आठवलं की नाही, कळलं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये मोठे साहेब आले. "वहिनी, ही जादू तुमची म्हणे. आमच्या वीज विभागाची माणसं बोलायला लागली की समिती डुलक्या घेते. येऊन बसाल? आठवड्यातून एक सकाळ."

"नको," मी म्हटलं. "मला आता कोणाचं ऐकायचं नाही."

वन्सं रिक्षात म्हणाल्या, "असं तोडून का बोललीस गं?" मी शर्टाचं बटण लावत होते. कसं सांगू त्यांना! तुमच्या भावाला मीच पाडलं. फ्रिजसमोर मी नसते, तुम्ही असता, तर समितीचे हात वर होताना ह्यांनी बघितले असते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बशी धुऊन ठेवली. डबा माळ्यावर.

१ मार्च, रविवार

पुटपुटी ह्यांची वही परत द्यायला आली. वन्संसाठी पेढ्यांऐवजी बटणं आणली होती, एक पाकीट, रंगीत! थट्टा करायला शिकली.

जाताना दारात घुटमळली. "काकू, वहीत एका पानाला चिठ्ठी लावलीय. ते पान कामाचं नाही. तुमचं आहे. मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. पण… तेव्हा दिलं असतं तर तुम्ही मला आजींकडे सोपवून उठून गेला असता, अशी भीती वाटली. चुकले का?"

"बघते," म्हटलं.

वही फ्रिजवर ठेवली. दिवसभर तिच्या बाजूने गेले-आले. उघडली नाही. चौदा महिन्यांनी त्या अक्षराला सामोरं जायचं, तर निदान आंघोळ करून, स्वच्छ उजेडात.

३ मार्च, मंगळवार

काल सकाळी उघडली. समितीच्या आठ दिवस आधीचं पान. वर आकडे, खाली ह्यांचं ते झुकलेलं अक्षर:

'घरी तालीम. बटणं शून्य, आजही. आता हिला माझ्याइतकं कळतं. समितीसाठी ही कामाची नाही. नवं माणूस पाहिजे. ताईला बोलवावं? — नको. मग सकाळी ही इथे बसणार नाही. ठराव पुढच्या वर्षीही मांडता येईल.'

ह्यांना माहीत होतं.

फ्रिजसमोर उभी होते, ह्यांच्याच जागी. मग चादरी झटकल्या, मशीन लावलं.

आज सकाळी माळ्यावरून डबा काढला, पिशवीत घातला आणि वीज विभागात गेले. पहिल्या पाच मिनिटांत एकोणीस बटणं पडली. तिथलं मला काहीच कळत नाही.